आप्पांची हिरवी गोळी: ई जीवनसत्त्वाने हृदय वाचतं का?

गिरणाकाठ (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातला. आमचे आप्पा, वय चौसष्ट. दिवाळीनंतर वेचलेला कापूस मोजून गाडीत भरताना घाम फुटला, डावा हात जड पडला. घरच्यांना वाटलं पित्त. लिंबू-सोडा पाजला, पाठीला बाम चोळला, त्यात दीड तास गेला. मग जळगाव. दुखायला लागल्यापासून नस उघडेपर्यंत चार तास झाले होते. एक स्टेंट पडली. सोडताना डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं पंपिंग चाळीस टक्क्यांवर आलंय. रक्त बंद होतं तेव्हा स्नायूला मार बसला, आणि रक्त परत सोडलं तेव्हाही थोडा बसला. हळूहळू सुधारेल."

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रक्त सोडल्यावर मार कसा काय बसतो?

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रांग. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस केळी आणि सल्ला घेऊन येतो. मावसभावाने ई जीवनसत्त्वाची हिरवी गोळी आणली, चारशे मिलिग्रॅमची. म्हणे ही हृदयाला मार बसू देत नाही, उंदरांवर सिद्ध झालंय. शिवाय साखळी पद्धतीने विकतात तसल्या कुठल्याशा योजनेतली 'टोकोट्रायनॉल'ची (तेही म्हणे ई जीवनसत्त्वच) बाटली, किंमत २,६०० रुपये. नातं असल्यामुळे पैसे द्यावे लागले.

आप्पा बारा दिवस हिरवी गोळी घेतायत. बाटली मी अजून फोडलेली नाही. कालपासून दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय. गोळी चालू ठेवू की बंद करू? आणि यात खरं किती?

---

भरीतवाली | रात्री १०:०५

माझी आई गेली आठ वर्षं घेते, केसांसाठी. काही झालं नाही. पण तिला हृदयाचं काही नाही, हेही खरं. आप्पांना लवकर बरं वाटो. बामणोदची वांगी आलीत बाजारात, पण त्यांना भरीत बिनतेलाचं घाला हो.

---

चोपड्याचा_नाना | रात्री १०:२०

भो, मन्हा आजा नव्वद वरीस जगना. घानीनं तेल, कळण्यानी भाकर, आनि दिवसभर वावर. गोळी त्यानी कधी दखीबी नही. आते तुम्ही ई, एफ, जी, काय काय खाई ऱ्हायनात!

---

ईसीजी_वाली | रात्री १०:४५

गिरणाकाठ भाऊ, मी भुसावळला फिजिशियन आहे. बाकीचं उद्या सविस्तर लिहीन, आज एवढंच. आप्पांना स्टेंट आहे म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असणार. ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर. त्या दोन गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. हिरड्यांतून रक्त त्यांनीही येतं. हिरवी गोळी मात्र उद्यापासून थांबवा आणि आप्पांच्या डॉक्टरांना फोन करून दोन्ही सांगा, गोळीचं आणि रक्ताचं. ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत रक्त गोठण्याच्या कामात आडवं येतं. त्यात दोन गोळ्या आधीच चालू. ज्यांना ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन असं रक्त पातळ करणारं औषध चालू आहे त्यांनी तर जास्तच जपायचं.

शौच काळी झाली, लघवीत रक्त दिसलं, डोकं अचानक भयंकर दुखलं तर फोन करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

---

तेलाचा_डबा | मंगळवार, सकाळी ७:१५

मी तेल कारखान्यातून निवृत्त झालेला केमिस्ट. हृदयाचं मॅडम सांगतील, मी ई जीवनसत्त्व येतं कुठून ते सांगतो, कारण माझी तीस वर्षं त्याच वासात गेली.

तेल रिफाइन करताना शेवटची पायरी वास काढायची. डिओडोरायझरमध्ये व्हॅक्यूमखाली सव्वादोनशे-अडीचशे अंशांना तापलेल्या तेलातून वाफ सोडतात. वासाबरोबर ई जीवनसत्त्वाचाही थोडा भाग उडून येतो. तो थंड करून गोळा केला की तपकिरी, मेणचट, थंडीत थिजणारा गाळ मिळतो. आम्ही त्याला नुसतं डिस्टिलेट म्हणायचो. हात लागला तर दोन दिवस वास जात नाही. हाच गाळ पिंपांत भरून जीवनसत्त्व करणाऱ्यांकडे जातो, आणि 'नैसर्गिक ई' म्हणून जी महाग गोळी मिळते तिची सुरुवात बहुतेक वेळा सोयाबीन तेलाच्या अशाच गाळात असते. स्वस्त गोळी असते ती रसायनांपासून बनवलेली.

ई म्हणजे एक वस्तू नव्हे, आठ भावंडं आहेत. चार टोकोफेरॉल, चार टोकोट्रायनॉल. प्रत्येकात अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. आपलं यकृत त्यातल्या अल्फा टोकोफेरॉललाच निवडून रक्तात सोडतं, बाकीच्यांना बरंचसं बाहेरचा रस्ता दाखवतं. १९२२ मध्ये बर्कलीला हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना उंदरांच्या खुराकात हे सापडलं. ते नसलं की माद्यांचे गर्भ टिकत नव्हते. म्हणून नाव पडलं टोकोफेरॉल, ग्रीक 'टोकोस' म्हणजे बाळंतपण. हृदयाचा तेव्हा संबंधही नव्हता.

नाना, आता तुमच्या आज्याच्या घाणीबद्दल. राग मानू नका. शंभर ग्रॅम शेंगदाणा तेलात अल्फा टोकोफेरॉल साधारण १५ मिलिग्रॅम. सरकीच्या तेलात ३५ च्या आसपास, सूर्यफुलात ४०, आणि हे आकडे रिफाइन तेलाचे. घाणीचं तेल चवीला चांगलं, मीही तेच खातो, पण ईच्या हिशेबात रिफाइन सरकी त्याच्या पुढे आहे. सरकीचं कच्चं तेल मात्र कोणी खाऊ नये. त्यात गॉसिपॉल असतं, तेल काळपट असतं, कॉस्टिकने धुतल्याशिवाय ते खाण्यालायक होत नाही.

अवांतर: अमळनेरला १९४५ साली सुरू झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स वनस्पती तूप करायची. तीच आजची विप्रो. संगणकाचं काम जगभर नेणाऱ्या कंपनीचं मूळ आपल्या शेंगदाण्यात आहे, हे पुण्या-मुंबईच्या पोरांना सांगितलं तर हसतात.

---

चोपड्याचा_नाना | सकाळी ८:३०

काका, राग कसाना? पन आजा शेंगदाना तेल खायेच, आनि वावरमा दहा तास राबे. सरकी गायले देये.

---

ईसीजी_वाली | रात्री १०:१०

ओपीडी आत्ता संपली. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आधी गिरणाकाठ भाऊंचा प्रश्न: रक्त सोडल्यावर मार का बसतो? तुम्ही गिरणेच्या पाटावरचे, तुम्हाला पटकन कळेल. आवर्तन लांबलं की चारी वाळते, भेगा पडतात, कडा भुसभुशीत होतात. मग एकदम पाणी सोडलं तर पिकाला पाणी मिळतंच, पण कुठेतरी चारी फुटते. पाणी सोडायचं नव्हतं असं कोणी म्हणणार नाही, पीक जळालं असतं. हृदयाचंही तसंच. प्राणवायू नसताना पेशी कशीबशी तग धरून असते. रक्त परत आलं की पहिल्या काही मिनिटांत पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या गडबडून प्राणवायूचे अतिशय चिडके तुकडे तयार करतात, कॅल्शियम आत घुसतं, पाठोपाठ पांढऱ्या पेशी येऊन आग वाढवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शेवटी उरलेल्या इजेपैकी निम्म्यापर्यंत वाटा या दुसऱ्या माराचा असू शकतो असं दिसलंय. तरीही नस लवकर उघडणं याला तोड नाही. आप्पांचे ते लिंबू-सोड्याचे दीड तास सगळ्यात महाग पडले. तुम्हाला दोष देत नाहीये, रोज बघते म्हणून लिहिते.

यात ई कुठे बसतं? पेशीचं आवरण स्निग्ध असतं. चिडका तुकडा एका स्निग्ध रेणूला लागला की तो शेजारच्याला पेटवतो, तो त्याच्या शेजारच्याला. खळ्यातल्या कडब्याच्या गंज्या पेटतात तसं. ई जीवनसत्त्व याच आवरणात बसलेलं असतं. ते स्वतःचा एक हायड्रोजन देऊन ठिणगी आपल्या अंगावर घेतं आणि साखळी तोडतं. मग क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लायक करतं. हे सगळं खरं आहे, परीक्षानळीत दिसतं, उंदरात दिसतं. तुमच्या मावसभावाने जे ऐकलं ते बहुधा मेलबर्नच्या बेकर इन्स्टिट्यूटचं काम असावं, २०१९ चं. उंदरांच्या हृदयाची नस बांधली, मग सोडली, आणि त्याच सुमारास अल्फा टोकोफेरॉल टोचून दिलं. इजा कमी झाली, दाह कमी झाला, हृदय बरं चाललं.

आता नीट बघा, औषध दिलं कधी? नस उघडायच्या सुमारास. आप्पांची नस उघडून महिना झाला. तो चारी फुटायचा क्षण गेला. आता रोज गोळी देणं हा वेगळाच प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माणसांवर शोधून झालंय.

चाळीसच्या दशकात कॅनडातले शूट बंधू ई हे हृदयाचं औषध म्हणून जोरात सांगत होते. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ८७ हजारांवर नर्सेसची पाहणी आली. ज्या ईच्या गोळ्या दोन वर्षांहून जास्त घेत होत्या, त्यांना हृदयविकार बराच कमी. सगळे खूश. पण गोळ्या घेणाऱ्या बायका बहुतेक वेळा इतर बाबतीतही तब्येतीला जपणाऱ्याच असतात. ते वेगळं काढायचं तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना खोटी गोळी द्यावी लागते. १९९६ मध्ये केंब्रिजला तसा प्रयोग झाला, २,००२ रुग्ण, जीव न घेणारे झटके ७७ टक्क्यांनी कमी! मी तेव्हा कॉलेजात होते, आमचे सर वर्गात हा आकडा फळ्यावर लिहून गेले होते. मृत्यू मात्र कमी झाले नव्हते, ते फळ्यावर आलं नाही.

मग मोठे प्रयोग आले आणि हवा गेली. इटलीत झटका येऊन गेलेले ११,३२४ रुग्ण, रोज ३०० मिलिग्रॅम: नाव घेण्यासारखा फायदा नाही. २००० साली 'होप' प्रयोग, केरळात जन्मलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली, ९,५४१ रुग्ण, रोज ४०० युनिट, साडेचार वर्षं: शून्य. त्यांनी त्यातल्याच रुग्णांना पुढे एकूण सात वर्षांपर्यंत पाहिलं, तर ई घेणाऱ्यांत हृदय कमजोर होऊन पाणी साचण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी जास्त. आप्पांचं पंपिंग चाळीस आहे, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. नंतर अमेरिकेतल्या १४ हजारांवर पुरुष डॉक्टरांनी स्वतःवरच आठ वर्षं प्रयोग करून घेतला: झटके कमी नाहीत, मेंदूत रक्तस्राव मात्र जास्त.

आता गंमत. होप प्रयोगात एकाच वेळी दोन औषधं तपासली होती, ई आणि रामिप्रिल ही रक्तदाबाची आणि हृदयाची गोळी. त्याच माणसांत, त्याच काळात रामिप्रिलने मृत्यू, झटके आणि पक्षाघात तिन्ही कमी केले. आप्पांची चिठ्ठी काढून बघा बरं.

---

गिरणाकाठ | रात्री १०:३५

मॅडम, चिठ्ठीत चौथ्या ओळीला रामिप्रिल आहे. २.५ ची. अंगावर काटा आला.

म्हणजे आप्पा त्या प्रयोगातली जिंकलेली गोळी चिठ्ठीवर घेतायत आणि हरलेली मावसभावाकडून!

---

ढेपवाला | रात्री ११:००

मी पशुवैद्यक, पारोळ्याकडचा. माणसांच्या डॉक्टरांमध्ये बोलू का नको असं वाटत होतं, पण ई आणि हृदय म्हटल्यावर राहवेना.

ज्या वासरांना, कोकरांना ई आणि सेलेनियम नावाचं खनिज कमी पडतं त्यांचे स्नायू पांढरे पडतात, शिजवलेल्या मांसासारखे. पायाचे पडले तर वासरू उठत नाही. हृदयाचे पडले तर दूध पिता पिता कोसळतं. एकदा असं वासरू फाडून पाहिलं होतं, हृदयावर चुन्याचे ओरखडे ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा. डुकरांत तर या कमतरतेने हृदयावर रक्ताचे ठिपके येतात, त्याला तुतीच्या फळासारखं हृदय असंच नाव आहे. म्हशीची वार अडकू नये म्हणून आम्ही विण्याआधी ई-सेलेनियमचं इंजेक्शन देतो, ते यातूनच आलं.

तेव्हा ई हृदयाला वाचवतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त जिथे ते *नव्हतं* तिथे. ज्या म्हशीच्या दावणीला हिरवा चारा आहे तिला चार इंजेक्शनं जास्त टोचली म्हणून ती चार लिटर जास्त देत नाही. मालकाचे पैसे जातात एवढंच.

---

भरीतवाली | रात्री ११:१०

वासराचं वाचून कसंतरी झालं. पण समजलं. मग माणसात कमतरता कशी ओळखायची?

---

ईसीजी_वाली | बुधवार, सकाळी ६:५०

ढेपवाला दादा, तुमचा प्रतिसाद माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा सरस आहे.

भरीतवाली ताई, जेवणखाण नीट असलेल्या माणसात ईची कमतरता फारच क्वचित. स्निग्ध पदार्थ पचत नाहीत अशा आजारांत किंवा काही जन्मजात दोषांत होते, तेव्हा चालताना तोल जाणं, हातापायाच्या नसा बधिर होणं असं दिसतं. अमेरिकी हिशेबात मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लागतं. तीस ग्रॅम शेंगदाण्यात अडीच मिळतं, भाजीच्या तेलात थोडं, पालेभाजीत थोडं. चारशे मिलिग्रॅमची गोळी म्हणजे जवळपास २७ दिवसांचा ऐवज एका घोटात.

अजून एक, नाहीतर कोणीतरी मला पकडेल. एका गटात ई उपयोगी पडण्याची शक्यता आहे. रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, ते तांबड्या पेशींतून सुटलेलं हिमोग्लोबिन आवरतं. ज्यांच्यात त्याचा '२-२' हा जन्मजात प्रकार आणि सोबत मधुमेह, त्यांच्यात हे आवरणं जमत नाही. इस्रायलमध्ये अशा १,४३४ जणांवर २००८ साली प्रयोग झाला, रोज ४०० युनिट, आणि हृदयाचे झटके खरंच कमी झाले. हा प्रकार आपल्या लोकांत बऱ्यापैकी आढळतो, म्हणून मला यात रस आहे. पण एवढ्या एका प्रयोगावरून मी कोणाला गोळी लिहून देत नाही. आप्पांना साखर आहे का?

---

गिरणाकाठ | सकाळी ७:३०

साखर नाही. तंबाखू होती, चाळीस वर्षं. आता सोडलीय म्हणतात. खिशातली चुन्याची डबी मात्र अजून सापडते.

---

चोपड्याचा_नाना | सकाळी ७:४५

डबी फेका पहिले, गोळीनं मंग दखा.

---

ईसीजी_वाली | सकाळी ७:५०

नानांना +१. या धाग्यावरचा सर्वोत्तम वैद्यकीय सल्ला.

---

तेलाचा_डबा | सकाळी ९:२०

त्या २,६०० च्या बाटलीबद्दल कोणीच बोललं नाही. टोकोट्रायनॉल पामतेलात आणि तांदळाच्या कोंड्याच्या तेलात असतं. परीक्षानळीत ते टोकोफेरॉलपेक्षा चपळ दिसतं हे खरं. पण मी वर लिहिलं तसं, यकृत त्याला फार वेळ रक्तात ठेवत नाही. आणि टोकोट्रायनॉल हृदयाला कसं वाचवतं यावरचे बरेच निबंध कनेक्टिकट विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेतून आले होते. तिथल्या प्रमुखाने १४५ ठिकाणी निकाल बनवल्याचं किंवा फिरवल्याचं २०१२ मध्ये विद्यापीठाच्याच चौकशीत निघालं. ती चौकशी मुख्यतः द्राक्षातल्या रेस्वेराट्रॉलबद्दल होती, टोकोट्रायनॉलचं सगळंच खोटं असं मी म्हणत नाही. पण बाटलीवर 'संशोधनाने सिद्ध' लिहिलेलं असेल तर मी तरी चष्मा पुसून वाचेन.

आणि घरात लक्ष द्यायचं तर कढईकडे द्या. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यातलं ई सगळ्यात आधी खर्च होतं, मग तेल स्वतः सडायला लागतं. तिसऱ्यांदा तळणाला घेतलेलं काळं, फेसाळ तेल शेवभाजीच्या तर्रीत ओतायचं आणि वर ईची गोळी खायची, याला काय म्हणावं!

---

भरीतवाली | सकाळी ९:४०

काका, तर्रीला हात लावू नका. बाकी सगळं मान्य.

---

गिरणाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६:१५

अपडेट देतो, सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

बुधवारीच आप्पांच्या डॉक्टरांना फोन केला. हिरवी गोळी बंद, बाकी चिठ्ठी जशीच्या तशी. गुरुवारी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ठीक. हिरड्यांसाठी मऊ ब्रश सांगितला. आज सकाळी रक्त आलं नाही. ते गोळी थांबवल्यामुळे की ब्रशमुळे, डॉक्टर म्हणाले ठामपणे सांगता येणार नाही. पंपिंग तीन महिन्यांनी परत बघायचं.

बाटली मावसभावाला परत द्यायला गेलो. पैसे परत मिळत नाहीत म्हणे, योजनेत तसं नाही. पण "तूच योजनेत ये, चार जण जोड, वसूल होतील." मी बाटली तिथेच ठेवून आलो. वहिनींनी चहा छान केला होता.

चुन्याची डबी आईने जप्त केली. उरलेल्या अठरा हिरव्या गोळ्या फेकवेनात, आप्पांनी पैसे मोजलेत ना. काल रात्री बघतो तर ओट्यावर बसून एकेक गोळी सुईने टोचून टाचांच्या भेगांत पिळत होते. म्हणाले, "पोटात नको म्हनतस ना तो डॉक्टर? पायले त नही ना म्हने?"

मॅडम, टाचांना चालेल ना?

---

ईसीजी_वाली | संध्याकाळी ६:४०

टाचांना चालेल. मोजे घालायला सांगा, फरशीवर घसरतील.